छत्तिसावा डबा: शुगर निघाल्यानंतरचे आठ महिने

खानावळ चालवणाऱ्या मावशींच्या उजव्या मनगटाला तव्याची कड लागली होती आणि पाच आठवडे उलटले तरी तो चट्टा ओलाच होता. मलम लावून झालं, हळद-तूप लावून झालं. शेवटी पट्टी बदलता बदलता गल्लीतल्या डॉक्टरांनी विचारलं, "रात्री लघवीला किती वेळा उठता?" तीन-चार वेळा, पण ते काय आजचं नाही, मावशी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. उपाशीपोटी १७८, जेवणानंतर दोन तासांनी २८६, आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ९.४.

उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, जेवणानंतर २०० किंवा जास्त, किंवा एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त आली की मधुमेह धरतात. इथे तिन्ही आकडे वर होते, शंकेला जागा नव्हती.

मी पुण्यातल्या एका दवाखान्यात मधुमेहाच्या रुग्णांचं समुपदेशन करते. आहार, गोळ्यांच्या वेळा, ग्लुकोमीटर, पायांची काळजी, हे सगळं समजावून सांगायचं काम माझं. मावशींच्या परवानगीने हे लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहावंसं वाटलं, कारण आमच्या छापील आहारतक्त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते आणि ती किती घरांत खरी नसते, हे मला मावशींमुळे कळलं.

मावशींचं वय ४९. सदाशिव पेठेत दोन खोल्या, त्यातल्या एका खोलीत खानावळ. दोन्ही वेळचे पस्तीस डबे जातात. बहुतेक मुलं स्पर्धा परीक्षांची, लातूर, नांदेड, बुलढाणा, सोलापूर अशी कुठून कुठून आलेली. पाच-सहा जण डबा घ्यायला येतात आणि तिथेच पायरीवर बसून खातात. दिवसाला पावणेतीनशे पोळ्या. मदतीला एक बाई. यजमान एका सोसायटीत रखवालदार, मुलगी बारावीला.

पहिल्या भेटीत त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. मी फाइल उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "ताई, माझा पण पाय काढतील का?" कराडकडच्या त्यांच्या मामांचा पाय घोट्याच्या वर काढावा लागला होता. लहानपणी त्यांनी तो पाय पाहिला होता, त्याचा वासही त्यांच्या लक्षात होता. अशा वेळी आकड्यांबद्दल बोलून काही उपयोग नसतो. मी आधी त्यांचे पाय बघितले. मोनोफिलामेंट म्हणजे नायलॉनचा एक जाड तंतू, वाकेपर्यंत दाबला की बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो. डोळे मिटायला सांगून तो तळव्याला ठिकठिकाणी लावला. प्रत्येक वेळी मावशी "हां" म्हणाल्या. संवेदना शाबूत होती. टाचांना भेगा होत्या, बाकी त्वचा चांगली होती. मी म्हटलं, "मामांना बहुधा वर्षानुवर्षं कळलंच नसणार. तुम्हाला आज कळलंय आणि तुमच्या पायांना सगळं जाणवतंय." मग त्या खुर्चीत नीट मागे टेकून बसल्या.

दुसरी भीती त्यांनी निघताना दारात सांगितली. मुलांना कळता कामा नये. "आजारी बाईच्या हातचं कोण खाईल?" हा रोग लागत नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण गिऱ्हाइकाला ते पटेल याची खात्री नव्हती. आयसीएमआर-इंडियॅब या देशव्यापी मधुमेह पाहणीचे २०२३ मध्ये आलेले आकडे सांगतात की देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. म्हणजे त्यांच्या पस्तीस मुलांपैकी कितीतरी जणांच्या घरी आई-वडिलांच्या गोळ्या चालू असणार. हे मी सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि तरी कुणाला सांगितलं नाही. हे लपवणं पुढे महागात पडलं.

पुढचे दोन आठवडे त्यांनी स्वतःच्या मनाने काढले. पोळी बंद, भात बंद. सकाळी कारल्याचा रस. साखर सोडून चहात गूळ. डॉक्टरांनी मधुमेहासाठी दिलेली मेटफॉर्मिनची गोळी सकाळी उपाशीपोटी घेतली, दोन दिवस जुलाब झाले, म्हणून तीही बंद. यजमानांचं म्हणणं, "गोड खाऊ नको म्हणजे झालं." शेजारच्या काकूंचं म्हणणं, भाकरी कितीही चालते. एका आठवड्यात इतका थकवा आला की पोळ्या लाटताना हात थांबायचे. दुसऱ्या भेटीला त्या आल्या तेव्हा गळून गेल्या होत्या आणि थोड्या रागातही होत्या. सगळं सोडलं, मग आणखी काय करायचं?

मेटफॉर्मिनचं सोपं होतं. जेवणाच्या मध्यावर किंवा लगेच नंतर घ्यायची, सुरुवातीला कमी मात्रा, मग हळूहळू वाढवायची. पोट सहसा आठ-पंधरा दिवसांत सरावतं. गुळाचंही सांगितलं, रक्ताला गूळ आणि साखर यात फारसा फरक कळत नाही. भाकरी चांगली, पण ज्वारीतही पिष्टच जास्त, तेव्हा "कितीही" चालत नाही. मग मी माझं नेहमीचं चित्र काढून पुढे ठेवलं. गोल ताट, अर्ध्यात भाजी-कोशिंबीर, पाव भागात डाळ-उसळ, पाव भागात पोळी, भाकरी किंवा भात. हे चित्र मी हजारदा तरी दाखवलं असेल.

मावशींनी ते बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, मी ताट घेतच नाही. पातेल्यातच कालवते."

त्या दिवशी पुढची सगळी भेट त्या एका वाक्यावर गेली. मी त्यांना शुगर निघण्याआधीचा नेहमीचा दिवस तासातासाने सांगायला लावला. पावणेपाचला उठायचं, चहा. कणीक भिजवताना दुसरा. भाज्या चिरून झाल्या की तिसरा. असे दिवसाला सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाची पन्नास-साठ ग्रॅम साखर नुसत्या चहातून. न्याहारी म्हणून वेगळं काही नाही. चव बघायला हातावर रस्सा, पोळीचा तुकडा, आमटी, पुन्हा रस्सा. साडेबाराला डबे गेले की मंडईत जाऊन संध्याकाळची भाजी आणायची. परत आल्यावर भांडी, आणि मग साडेतीनला जेवण. तोवर भाजी संपलेली असायची, उसळ संपलेली असायची, कारण मुलांना वाढताना हात आखडायचा नाही हा त्यांचा नेम. उरायचा तो पातेल्याच्या बुडाचा भात आणि आमटीचं वरचं पाणी. त्याच पातेल्यात भात कालवायचा आणि ओट्याशी उभ्यानेच खायचा. "टाकवत नाही ना." रात्री साडेदहाला पुन्हा तेच.

याच खोलीत उसळी शिजत होत्या, पालेभाज्या निवडल्या जात होत्या, काकड्या चोचवल्या जात होत्या. आहारतज्ज्ञाने सांगावं ते सगळं रोज पस्तीस डब्यांत भरून बाहेर जात होतं. मावशींच्या वाट्याला फक्त पिष्ट राहत होतं, तेही दहा-अकरा तास काम करून झाल्यावर, एकदम आणि न मोजता. मला त्या दिवशी वाईट वाटलं, आणि आमच्या तक्त्याचा रागही आला. त्यात "दोन फुलके, एक वाटी भाजी" असं लिहिलेलं असतं. ती वाटी बाईच्या वाट्याला येईपर्यंत घरात शिल्लक राहते का, हे कुठेच विचारलेलं नसतं. एकीकडे भरपूर पिष्ट आणि दुसरीकडे रक्तात लोहाची चणचण. मावशींचं हिमोग्लोबिन ९.१ होतं. लोहाची कमतरता असली की एचबीएवनसी खऱ्यापेक्षा थोडी जास्त दिसू शकते, म्हणून आम्ही नुसत्या त्या आकड्यावर विसंबलो नाही आणि लोहाच्या गोळ्याही सुरू झाल्या.

आधी जेवायचं, हे मी सुचवून बघितलं. त्यांनी सरळ नकार दिला. "पोरं उपाशी असताना माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही." यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. ती त्यांची धारणा आहे आणि त्यांचा धंदा त्याच मायेवर उभा आहे. मग मी विचारलं, "मावशी, तुम्हाला भरता काय येतं?" त्या हसल्या. "डबा."

तर असं ठरलं की रोज छत्तीस डबे भरायचे. ओळीने मांडलेल्या पस्तिसांच्या शेवटी एक त्यांचा. इतर डब्यांसारखाच चार पुडांचा, तसाच मोजून भरलेला. सगळ्यात मोठ्या पुडात भाजी, दुसऱ्यात उसळ किंवा घट्ट वरण, तिसऱ्यात दोन पोळ्या किंवा एक भाकरी, चौथ्यात काकडी-टोमॅटो आणि दही. भात हवा असेल त्या दिवशी एक पोळी कमी आणि अर्धी वाटी भात. खायचं मात्र शेवटचा डबा दाराबाहेर गेल्यावर, म्हणजे पाऊण वाजता, पाटावर बसून. मंडई त्यानंतर. रात्रीही तेच, सव्वाआठला. चहा सहावरून तीनवर, पहिल्या महिन्यात अर्धा चमचा साखर आणि नंतर बिनसाखरेचा. सकाळी सातला मूठभर भिजवलेले हरभरे किंवा मुगाचं एखादं धिरडं.

ग्लुकोमीटर घेतला तेव्हा एक पट्टी वीसेक रुपयांना पडते म्हणून त्या नाराज होत्या. रोज तीन-चारदा टोचायची गरज नव्हतीच. आठवड्यातून दोनदा, एकाच जेवणाच्या आधी आणि दोन तासांनी, एवढंच सांगितलं. पहिल्या जोडीसाठी मी मुद्दाम त्यांना जुनं जेवण जेवायला लावलं. बुडाचा भात आणि आमटी: आधी १३८, नंतर २६२. दोन दिवसांनी डबा: आधी १३४, नंतर १८९. त्यांनी हे आकडे कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवले. पुढच्या भेटीत ते पान फाडूनच घेऊन आल्या. माझ्या दहा वाक्यांनी झालं नव्हतं ते त्या चार आकड्यांनी झालं. भातावरचा त्यांचा रागही गेला, कारण अर्धी वाटी भात उसळीबरोबर खाल्ला तर काय होतं हेही त्यांनी मोजून पाहिलं होतं.

दुसरी अडचण वजनाची होती. उंची १५३ सेंटिमीटर, वजन ५४ किलो. "मी कुठे जाड आहे? मग मला कशी झाली?" हा प्रश्न आपल्याकडे फार ऐकू येतो आणि त्याचं उत्तर पुण्यातच सापडलेलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण वरून बारीक दिसतो, चरबी पोटात साठते आणि स्नायू कमी असतात. मावशींच्या पोटाचा घेर ८८ सेंटिमीटर भरला. भारतीय बायकांसाठी मर्यादा ८० ची. "दिवसभर उभीच तर असते" हेही खरं, पण ओट्याशी एका जागी उभं राहिल्याने स्नायूंना साखर ओढून घ्यावी लागत नाही, चालल्यावर ती ओढावी लागते. म्हणून जेवणानंतर लगेच पायी मंडई आणि रात्री जेवल्यावर मुलीबरोबर सारसबागेपर्यंत. वेगळा व्यायाम सांगितला नाही, सांगितला असता तर तो झाला नसता.

चैत्रातल्या संकष्टीला जे झालं त्यात चूक आमची होती. डॉक्टरांनी सुरुवातीला मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइडची छोटी गोळी सकाळी दिली होती. ही गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेते, पोटात अन्न असो वा नसो. ती घेऊन जेवण टळलं तर साखर खाली जाते. हे मी पहिल्या भेटीत सांगितलं होतं. पण उपास कधी करता, किती आणि कसे, हे मी विचारलं नव्हतं. दर महिन्याची संकष्टी मावशी पंचवीस वर्षं करतात, चंद्र दिसेपर्यंत. दुपारी थोडी साबुदाण्याची खिचडी खातात, पण त्या दिवशी खिचडीही मुलांना पुरली नाही.

सकाळी गोळी आणि बिनसाखरेचा चहा. साडेबाराच्या सुमारास त्या डबे भरत होत्या आणि अंगाला दरदरून घाम फुटला. चैत्रातली दुपार, दोन शेगड्या पेटलेल्या, घाम तर रोजच यायचा. हात थरथरले, वाटलं दमणूक आहे. छाती धडधडली, वाटलं घाई आहे. साखर उतरण्याची एकूण एक खूण त्या स्वयंपाकघरात रोजच्या कामाचा भाग होती, म्हणून ती कुणाला दिसली नाही, त्यांनाही नाही. पायरीवर बसलेल्या एका मुलाला दिसली. त्याने पाहिलं की मावशी एकाच डब्यात दुसऱ्यांदा भाजी घालताहेत, आणि हाक मारली तर ओळख नसल्यासारख्या बघताहेत. त्याच्या वडिलांना दहा वर्षांपासून मधुमेह होता. त्याने विचारलं, "मावशी, तुम्हाला शुगर आहे का?" मदतीच्या बाईला माहीत नव्हतं. मुलगी कॉलेजात. आधी मावशी नाही म्हणाल्या, मग भिंतीला टेकून खाली बसल्या आणि कपाटाकडे बोट केलं. मीटर तिथे होता. आकडा आला ५४.

मुलाने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली. शुद्धीत असल्या म्हणून गिळता आली. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं, ते श्वासनलिकेत जातं, अशा वेळी थेट दवाखाना गाठायचा. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, ८८. मग डबा उघडून त्यांना जेवायला लावलं. उपास मोडला. मावशींना त्याचं फार लागलं, रात्री फोनवर बोलताना रडल्या.

डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद केली. मेटफॉर्मिन टप्प्याटप्प्याने वाढवली आणि सिटाग्लिप्टिन ही दुसरी गोळी जोडली. या जोडीने साखर सहसा एकदम खाली जात नाही. २०२२ मध्ये पेटंट संपल्यापासून सिटाग्लिप्टिन मावशींच्या खिशालाही परवडण्यासारखी झाली आहे. उपासाचं आम्ही दोघींनी बसून ठरवलं. संकष्टी सोडायची नाही. दुपारी भगर, शेंगदाण्याची आमटी, दही, काकडी, हेही डब्यातच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, तो दोन चमचे, चवीपुरता. अंग गळल्यासारखं वाटलं तर मोजायचं, आणि ७० च्या खाली असेल तर साखर घ्यायची. गणपतीला ते कळेल, हे त्यांचे शब्द.

आणि लपवणं संपलं. आठवड्याभरात सगळ्या मुलांना कळलं होतं. एकही डबा बंद झाला नाही. बुलढाण्याच्या एका मुलाने विचारलं, "मावशी, आमच्या आईला काय काय करून घालता येईल?"

छोट्या गोष्टींत एक चपलेची गोष्ट होती. स्वयंपाकघरात देव्हारा आहे, तिथे चप्पल चालणार नाही. पण तापलेलं तेल उडतं, सुरी पडते, फरशी ओली असते, आणि अनवाणी पायाची जखम मधुमेहात परवडत नाही. शेवटी त्यांनी कधीही बाहेर न गेलेला, रोज धुतला जाणारा रबरी जोड आणला. देवापुढे जाताना तो काढतात.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.८ आली. मनगटाचा चट्टा केव्हाच भरला होता. ज्या खाजेबद्दल त्या वर्षभर कुणाशी बोलल्या नव्हत्या, ती साखर उतरल्यावर आणि आठवडाभराच्या औषधाने गेली. डोळ्यांचा पडदा तपासला तेव्हा दोन-तीन बारीक ठिपके दिसले. आपल्याला आढळणारा प्रकार दोनचा मधुमेह बरेचदा निदानाच्या काही वर्षं आधीपासून असतो, म्हणून डोळ्यांची तपासणी पहिल्याच महिन्यात करायला हवी. आमच्याकडून ती तिसऱ्या महिन्यात झाली. उपचार लागले नाहीत, दरवर्षी दाखवायचं आहे. लघवीतली प्रथिनं ठीक.

पाचव्या महिन्यात कॅलेंडरवरचे आकडे पुन्हा चढले. २१०, २३४, २२०. औषधं तीच, चालणं तेच. त्यांनी मान्य करायला दोन भेटी घेतल्या. कुणी न सांगता दारात उभा राहिला, कुणाचा मित्र गावाहून आला, की छत्तिसावा डबा त्याला जायचा आणि मावशी पातेल्याकडे वळायच्या. आठवड्यातून तीन-चारदा. मी काही बोलायच्या आत मुलीने त्या डब्याच्या झाकणावर लाल नेलपेंटने "आई" असं लिहून टाकलं. नाव असलेला डबा दुसऱ्याला देता येत नाही, हा खानावळीचाच नियम आहे. अचानक येणाऱ्यासाठी आता सदतिसावा डबा भरतात.

सहाव्या महिन्याला ७.१. हिमोग्लोबिन ११.४. वजन दोन किलोने कमी, घेर ८४. रात्री एकदाच उठतात.

सध्या आमच्यापुढे दिवाळी आहे. मावशी फराळाच्या ऑर्डरी घेतात, चकल्या, चिवडा, बेसनाचे लाडू, आणि पंधरा दिवस दर घाण्याला चव बघावी लागते. चव दुसऱ्या कुणी बघितलेली त्यांना चालत नाही, आणि त्यांच्या लाडवांचं नाव त्या चवीवरच आहे. म्हणून सकाळच्या एका आणि संध्याकाळच्या एका घाण्याची चव त्या बघतील, मधल्यांची मदतीच्या बाईने, असं तूर्त ठरलंय. पंधराही दिवस मीटर ओट्याजवळ राहील. पहिल्या घाण्याच्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आहे.